मोरचूद टाकल्यापासून अडतीस तास

निगडी प्राधिकरणातला गणेश तलाव किंवा भोसरीचं तळं यांची काळजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने घ्यायची. पण मोशी, चिखली, चऱ्होलीपासून चाकणपर्यंत जी मोठी गृहसंकुलं उभी राहिली, त्यांतल्या काहींच्या आवारातही तळं असतं. घर विकताना त्याच्याकडे तोंड असलेल्या फ्लॅटचा भाव जास्त लागतो. ताबा मिळाल्यावर तळं सोसायटीच्या कमिटीच्या गळ्यात पडतं, आणि कमिटीत इंजिनिअर कितीही असले तरी तळं सांभाळायचा अनुभव सहसा कुणाला नसतो.

पुढचा घटनाक्रम अशा एका नमुन्याच्या तळ्याचा आहे. एक एकर पसारा, सरासरी दीड मीटर खोली, म्हणजे साठ लाख लिटर पाणी. त्यात हौसेने सोडलेले कटला, रोहू, मृगळ आणि कुणी न सोडताही आलेली चिलापी. हे एका विशिष्ट सोसायटीचं वृत्त नाही. तळं, माणसं, त्या रात्रीचं हवामान मी मांडलं आहे. तासांचा क्रम मात्र पाण्याच्या रसायनशास्त्राने ठरवलेला आहे आणि आकडे साधारण असले तरी कुणीही वही-पेन घेऊन ताडून पाहू शकेल.

तासातासाने सांगायचं कारण असं, की मासे मेले की आपल्या भागात पहिला संशय जातो कंपनीच्या पाण्यावर. तो नेहमीच चुकीचा असतो असं नाही. थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यात पवनेतले मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत आणि नदीत काय काय सोडलं जातं हे या शहरात कुणाला सांगायला नको. पण मासे मरायला विषच लागतं असं नाही. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर मासे मरतात, ते पाण्यात सोडलेल्या पिंडांच्या अन्नामुळे. ते अन्न कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि मासे गुदमरतात. सोसायटीच्या तळ्यात तेच काम शेवाळ करतं.

बुधवार, दुपारी 3. उरलेले तास 38

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाणी पालकाच्या रसासारखं दाट हिरवं. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस धुसफूस चालू आहे: वास येतो, डास वाढले, मेंटेनन्स कशाला भरायचा. सेक्रेटरींवर दडपण आहे. कमिटीतल्या एकांची नाशिककडे द्राक्षबाग होती. ते म्हणतात, मोरचूद टाका, दोन दिवसांत शेवाळ साफ.

सल्ला खोटा नाही. मोरचुदातलं तांबं शेवाळाला मारतं, आणि तळ्यांत ते वापरण्याची पद्धत जगभर जुनी आहे. पण त्या पद्धतीला एक अट आहे. दाट हिरव्या तळ्याला एका वेळी सगळीकडे मोरचूद द्यायचा नसतो. एक तृतीयांश, फार तर निम्म्या भागात द्यायचा, मग दहा-पंधरा दिवस थांबायचं, तेवढ्यात मेलेलं शेवाळ कुजून जाऊ द्यायचं आणि मग पुढचा भाग. पाणी मृदू असेल तर तांबं माशांनाच बाधतं, म्हणून मात्रा पाण्याची परीक्षा करून ठरवायची. ही अट पोत्यावर मोठ्या अक्षरात नसते. चार माळी चार काठांवरून फवारणी करतात आणि तासाभरात अख्खं तळं उरकतं.

त्याच सुमाराला एक तरुण प्रयोगशाळेची बाटली भरून घेऊन जातो. कमिटीने पाणी तपासायला दिलं होतं, ही तिची दक्षता. बाटलीचा अहवाल उत्तम येणार आहे. भर उन्हात हिरवं तळं प्राणवायूचा कारखाना असतं. तीस अंशाच्या पाण्यात, पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर, हवेतून विरघळून लिटरला साधारण सातच मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. शेवाळाने भरलेल्या तळ्यात दुपारी तीनला तो बारापर्यंतही चढलेला सापडतो. सोसायट्यांच्या तळ्यांची तपासणी दिवसा होते आणि मासे पहाटे मरतात, यातच निम्मी गफलत आहे. हाच नमुना पहाटे पाचला घेतला असता तर अहवाल एवढा उत्तम आला नसता.

बुधवार, सायंकाळी 6. उरलेले तास 35

तळ्याच्या मधलं कारंजं सुरू होतं. रंगीत दिवे, काठावर मुलं, मुलांच्या हातात ब्रेडचे तुकडे. रात्री दहाला ते बंद होईल.

गुरुवार, सकाळी 7. उरलेले तास 22

पाण्याचा रंग उतरला आहे. हिरव्याचा मळकट पिवळा झाला आहे, काठाशी तपकिरी साय जमली आहे. कुणीतरी कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून ग्रुपवर टाकतं. अंगठे आणि फुलं येतात. कमिटीला बऱ्याच दिवसांनी चार बरे शब्द ऐकायला मिळतात.

डोळ्यांना दिसतं ते शेवाळ गेलेलं. पाण्याच्या दृष्टीने ते कुठेही गेलेलं नाही. ते मेलं आहे, तळाशी बसतं आहे, आणि जिवाणूंनी त्यावर काम सुरू केलं आहे. कालपर्यंत ते निदान दिवसा प्राणवायू तयार करत होतं. आता ते फक्त खाणार.

याच सकाळी आणखी एक धोका काठावर उभा असतो. उन्हाळ्यातलं तळ्यावरचं हिरवं बऱ्याचदा साधं शेवाळ नसून मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित जिवाणू असतात. त्यांच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ते वर तरंगतात आणि रंग सांडल्यासारखा थर धरतात. यांतल्या काहींमध्ये यकृताला घातक असं मायक्रोसिस्टिन असतं. पेशी जिवंत असेपर्यंत बरंचसं विष आतच राहतं; मोरचुदाने पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरतं. उकळून ते जात नाही. 2 ऑगस्ट 2014 रोजी मध्यरात्र उलटल्यावर अमेरिकेतल्या टोलेडो शहराने आपल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असं कळवलं. ईरी सरोवरातलं हे विष शुद्धीकरण केंद्र ओलांडून आलं होतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ब्राझीलमधल्या कारुआरूला 1996 मध्ये एका डायलिसिस केंद्रात असंच पाणी वापरलं गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. सोसायटीच्या तळ्याचं पाणी कुणी पीत नाही, हे खरं. पण कुत्री पितात, आणि गुडघाभर पाण्यात चेंडू आणायला मुलंच उतरतात. आज सकाळी काठावर एक दोरी बांधून पाटी लावायला हवी होती.

त्या काठापासून दहा पावलांवर पंपघराच्या भिंतीतून एक पाइप तळ्यात सुटतो. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, प्रक्रिया केलेलं पाणी. खरा घटनाक्रम बुधवारी सुरू झालेला नाही, या पाइपपाशी झालेला आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. मे महिन्यात तळ्याच्या पृष्ठभागावरून रोज सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जातं. एका एकराला ते साधारण तीस हजार लिटर होतं. ते भरून काढायला नळाचं पाणी वापरणं अन्यायाचं, टँकर मागवणं खर्चाचं. एसटीपीचं पाणी फुकट, स्वच्छ दिसणारं. ते तळ्यात सोडण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी विचारपूर्वकच घेतला.

पण सोसायटीचा सर्वसाधारण एसटीपी मैलापाण्यातला कुजणारा भाग कमी करतो. स्फुरद काढण्याची वेगळी सोय नसेल तर तो बराचसा तसाच बाहेर येतो. मूत्रातला, डिटर्जंटमधला, भांड्यांच्या खरकट्यातला स्फुरद लिटरला दोन-चार मिलिग्रॅम सहज असतो. तळं हिरवं व्हायला त्याचा शंभरावा भाग पुरतो. तीन मिलिग्रॅम धरले तर तीस हजार लिटरमधून रोज 90 ग्रॅम स्फुरद. एका ग्रॅमवर साधारण शंभर ग्रॅम सुकं शेवाळ पोसलं जातं. म्हणजे रोज नऊ-दहा किलो, सुकं. आणि एका ग्रॅम स्फुरदावर वाढलेलं शेवाळ पुरतं कुजताना सुमारे 140 ग्रॅम प्राणवायू घेतं. म्हणजे पाइप एक दिवस चालू ठेवला की तळ्यावर साडेबारा किलो प्राणवायूचं कर्ज चढतं. मार्च, एप्रिल, मे. पाइप रोज चालू होता.

नत्र, कर्ब, स्फुरद यांतलं शेवाळाला नेमकं काय वाढवतं, याचा निकाल कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये लागला. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या सरोवराच्या चिंचोळ्या भागात पडदा बांधून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत नत्र आणि कर्ब घातलं, एकातच स्फुरद घातला. काही आठवड्यांत स्फुरदाचा भाग हिरवा झाला, दुसरा होता तसा राहिला. विमानातून काढलेलं त्याचं छायाचित्र बघितल्यावर वाद घालायला फारसं काही उरलं नाही.

आपल्याकडे असा प्रयोग कुणी मुद्दाम केला नाही, पण मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. दापोडीला पवना मुळेत मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेत. आळंदीवरून गेलेली इंद्रायणी तुळापूरला भीमेत. या सगळ्या पट्ट्याचा स्फुरद उजनीत जाऊन थांबतो, आणि उजनीचं पाणी हिरवं होतं. सोलापूर तेच पाणी पितं. कोल्हापूरच्या रंकाळ्याला ज्या नाल्यांनी हिरवं केलं त्यांतल्या एकाचं नावच श्याम सोसायटी नाला आहे. घरातून निघालेलं पाणी कुठेतरी पोचतंच. इथे ते आपल्याच खिडकीखाली पोचलं, एवढाच फरक.

पाइप वळवणं अवघड नव्हतं. हेच पाणी झाडांना हवं असतं. त्यातला स्फुरद मातीत धरला जातो, झाडं वापरतात, आणि वर खताचा खर्चही वाचतो. उलट या आवारात माळी हिरवळीला विकतचं खत देतात, तळ्याला एसटीपीचं पाणी. दोन्हींची अदलाबदल करायला फक्त एक व्हॉल्व आणि वीस फूट पाइप लागला असता.

गुरुवार, सकाळी 11. उरलेले तास 18

आभाळ भरून आलं आहे. पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून महावितरणची दुरुस्तीही गुरुवारी. वीज दहालाच गेली आहे. सुट्टी आणि ढग मिळून सोसायटीत सुखद वातावरण आहे.

तळ्याला या ढगांचा अर्थ वेगळा. प्रकाश कमी झाला की मोरचुदातून वाचलेलं थोडंफार शेवाळही काम थांबवतं. मासे, जिवाणू, तळाचा गाळ यांचा श्वास मात्र ढगाने कमी होत नाही. तीस वर्षं मत्स्यशेती करणारा माणूस मे महिन्यातला ढगाळ दिवस बघून संध्याकाळी घरी जात नाही, तळ्यावर खाट टाकतो.

गुरुवार, दुपारी 4. उरलेले तास 13

काल याच वेळी बारा होता. आज प्राणवायू जेमतेम सात. मोजणारं कुणी नाही. मोजायचं यंत्र हातात मावतं; ते नसेल तर रसायनांच्या थेंबांनी मोजायची पेटी मिळते, दहावीतला मुलगाही ती वापरू शकतो.

त्याहून स्वस्त साधन म्हणजे सेक्की तबकडी. इटलीतल्या आंजेलो सेक्कींनी 1865 मध्ये ती वापरली. वीस सेंटिमीटरची, आलटून पालटून काळी-पांढरी रंगवलेली तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कितव्या सेंटिमीटरला दिसेनाशी होते ते लिहून ठेवायचं. वीत-दीड वीत खोलीवरच दिसेनाशी झाली, तर रात्र धोक्याची. एप्रिलपासून दर रविवारी मुलांकडून एवढं करवून घेतलं असतं तरी शेवाळ पाच आठवडे आधी दिसलं असतं.

गुरुवार, सायंकाळी 7. उरलेले तास 10

सूर्य मावळतो. यापुढे पहाटेपर्यंत पाण्यात नवा प्राणवायू तयार होणार नाही. वाऱ्याने पृष्ठभागातून थोडा मिसळेल तेवढाच.

साठ लाख लिटर पाणी, लिटरला सात मिलिग्रॅम धरले तर अख्ख्या तळ्यातला प्राणवायू 42 किलो. 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, आपण प्राणवायूच्या ज्या जंबो सिलिंडरसाठी शहरभर फिरलो, त्यात नऊ-दहा किलो असतो. एक एकराचं तळं भरल्या अवस्थेतही साडेचार सिलिंडरवर जगतं, हे एकदा नीट कळलं की काठावर उभं राहून बघण्याची नजर बदलते.

आज संध्याकाळी लिटरला सहा मिलिग्रॅम आहेत. सगळ्या पाण्यात तेवढेच धरले तर एकूण 36 किलो. खर्च तासाला अर्धा मिलिग्रॅम. काल-परवासारखा उघडा दिवस असता तर अकरा-बारावर सुरुवात झाली असती आणि पहाटे सहा-सात उरले असते. आज सहावरून सुरुवात आहे, रात्र दहा-अकरा तासांची. यातही पाऊस आला नाही तर काही मासे कदाचित वाचतील.

गुरुवार, रात्री 8:30. उरलेले तास साडेआठ

वळीव येतो. चाकणकडून विजा, मग धुळीचा लोट, मग मोठे थेंब आणि गारा. मुलं गॅलरीत ओरडतात. दोन महिन्यांच्या उकाड्यानंतर मातीचा वास येतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

उन्हाळ्यात तळ्याचे दोन थर झालेले असतात. वर ऊन खाल्लेलं हलकं पाणी, खाली थंड, जड आणि जवळजवळ प्राणवायूविना. खालच्या थरात गाळ, कालपासून बसलेलं शेवाळ आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही थर जोवर मिसळत नाहीत तोवर मासे वरच्या थरात राहून वाचतात. गार पाऊस वर पडला की वरचं पाणी जड होऊन खाली जातं, वारा ढवळतो, आणि अर्ध्या तासात तळ आणि पृष्ठभाग एक होतात. सहाचे चार उरतात. त्याच पावसाने हिरवळीवरचं परवा टाकलेलं खत उतारावरून तळ्यात येतं. ते आजच्या रात्रीचं नाही, पुढच्या महिन्याचं संकट.

पाऊस ओसरल्यावर काठाने फिरायला गेलेल्या एका आजींना वास येतो. त्या सुनेला म्हणतात, "गटार तुंबलंय वाटतं गं कुठंतरी." प्लंबिंगची तक्रार नोंदवली जाते.

गुरुवार, रात्री 10. उरलेले तास 7

कारंजं बंद होतं. नियमच तसा आहे: संध्याकाळी सहा ते दहा, नंतर आवाजाचा त्रास आणि विजेचं बिल. पाण्यात प्राणवायू आता लिटरला साडेतीन.

या घटनाक्रमातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं हेच आहे. शोभेचं कारंजं फारसा प्राणवायू देत नाही, तरी काहीतरी देतं, आणि आपण ते नेमकं गरज सुरू होते त्या वेळी बंद करतो. तळ्याला हवा लागते रात्री अकरा ते सकाळी सहा. दिवसभर ते यंत्र बंद राहिलं तरी चालतं. मत्स्यशेतीत वापरतात तसं चाकाचं एक अश्वशक्तीचं यंत्र तासाला साधारण किलोभर प्राणवायू पाण्यात घालतं. या तळ्याचा रात्रीचा खर्च तासाला तीन किलो. म्हणजे थोडं जास्त धरून चार यंत्रं पुरली असती. सात तासांची वीज वीस-एकवीस युनिट, तीही वर्षातल्या मोजक्या रात्री.

शुक्रवार, मध्यरात्रीनंतर 1. उरलेले तास 4

चाकणहून सेकंड शिफ्टच्या बस परततात. दोन-तीनजण गेटवर उतरतात, तळ्याच्या कडेच्या वाटेने आपापल्या इमारतीत जातात. दमलेला माणूस त्या वेळी पाण्याकडे बघत नाही, आणि बघितलं तरी दिव्यांशिवाय काही दिसत नाही. दोन मिलिग्रॅम. गोगलगायी दगडी भिंतीवर पाण्याबाहेर चढल्या आहेत. मासे पृष्ठभागापाशी आले आहेत.

शुक्रवार, पहाटे 3. उरलेले तास 2

मागच्या गेटवरचा वॉचमन लातूरकडचा आहे. त्याच्या भावाच्या शेततळ्यात मासे आहेत. फेरी मारताना त्याला चपचप आवाज येतो. तो टॉर्च मारतो. शेकडो तोंडं पाण्याबाहेर, उघडझाप करणारी.

तो सुपरवायझरला उठवतो. "साहेब, मासे वर येऊन तोंड मारायलेत. हवा पाहिजे त्येला. पंप लावा कायतरी."

सुपरवायझर विचारतो, पंप कोणता? पंपघराची किल्ली प्लंबरकडे, प्लंबर चिखलीला राहतो. सेक्रेटरींचा फोन सायलेंटवर. चेअरमन गावाला. एसटीपी ऑपरेटर रात्रपाळीला असतो, पण तळं त्याच्या कामात येत नाही. या प्रत्येकाने आपलं काम चोख केलेलं आहे. तळं मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आता काय शक्य होतं? अग्निशमनाचा पंप तळ्यातलं पाणी उपसून पुन्हा तळ्यातच उंचावरून फवारू शकतो. बांधकामावरचा डिझेल पंपही चालतो. पाणी हवेतून पडू द्यायचं, एका कोपऱ्यात का होईना. मासे त्या कोपऱ्यात गोळा होतात आणि जगतात. सगळं तळं वाचवायची गरज नसते. एखाद्याला टँकर सुचेल, कारण इथे प्रत्येक अडचणीवर टँकर सुचतो. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये प्राणवायू येतो 70 ग्रॅम. या तळ्याचा प्राणवायू एका मिलिग्रॅमने वाढवायला सहा किलो लागतो, म्हणजे पंचाऐंशी टँकर.

वॉचमन एक बादली घेतो आणि पाणी उचलून उंचावरून ओतत राहतो. त्याला माहीत आहे की याने होणार नाही.

शुक्रवार, पहाटे 5. 0

लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी.

आधी मोठे जातात. आठ-दहा किलोचे कटला एका कुशीवर होतात, कल्ले ताठ उघडे, तोंड वासलेलं. मग रोहू, मृगळ. चिलापीची लहान पिलं काठाशी, ओल्या दगडांच्या फटीत, उथळ पाण्यात तग धरून आहेत. विष असतं तर लहान-मोठे सगळे मेले असते आणि दिवसाची कुठलीही वेळ चालली असती. मोठे आधी, लहान नंतर आणि सूर्योदयाच्या आधी, हा क्रम गुदमरण्याचा. पाण्याचा नमुना घ्यायचा तर तो आता, ऊन पडायच्या आत. नऊ वाजता घेतला तर त्यात काही सापडणार नाही आणि सगळा दोष पुन्हा कुठल्यातरी अज्ञात कंपनीवर जाईल.

शुक्रवार, सकाळी 9. दुसऱ्या पहाटेला 20 तास

काठावर गर्दी. लहान मुलं रडताहेत; त्यांनी काही माशांना नावं दिली होती. ग्रुपवर पोलिसात तक्रार करायची चर्चा आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन गेला आहे. सेक्रेटरी रात्री फोन न उचलल्याबद्दल वॉचमनची माफी मागतात.

मेलेले मासे अजून पाण्यात आहेत, आणि ते तिथे राहता कामा नयेत. तीनशे किलो मासळी धरली तर तिच्यात सव्वा ते दीड किलो स्फुरद असतो. पाण्यात कुजू दिली तर पाइपने पंधरा दिवसांत आणला असता तेवढा एकदम सुटेल. शिवाय आजची रात्र कालच्यापेक्षा अवघड आहे. शेवाळाचं कुजणं आता कुठे वेगाला येतंय, आणि तगून राहिलेल्या माशांच्या अंगात जोर उरलेला नाही. जाळी लावून दुपारपर्यंत सगळं बाहेर काढायचं, आवाराबाहेर योग्य जागी चुना टाकून पुरायचं, कुणाला खायला द्यायचं नाही, नदीत तर मुळीच टाकायचं नाही. मोरचुदाची उरलेली पोती कुलपात. वाळा आणि कर्दळीचे तरंगते वाफे, गाळ काढणं, गाळातला स्फुरद बांधायला तुरटी, या सगळ्याला पावसाळा आणि पुढचं वर्ष आहे. वाफ्यांवरची वाढ दर काही आठवड्यांनी कापून बाहेर नेली तरच त्यांचा उपयोग. आज त्यावर बैठक घेण्यात वेळ घालवायचा नाही.

शुक्रवार, सायंकाळी 7. दुसऱ्या पहाटेला 10 तास

द्राक्षबागवाल्या काकांनी ओळखीतून मत्स्यशेतीची तीन यंत्रं भाड्याने आणली आहेत. चौथ्याच्या जागी डिझेल पंप. पंपघराच्या किल्लीची दुसरी प्रत मागच्या गेटवर टांगली आहे, तिच्याखाली चार फोन नंबर. एसटीपीचा पाइप प्लंबरने दुपारीच बागेकडे वळवला. प्राणवायू मोजायचं यंत्र उसनं मिळालं आहे. ते वॉचमनच्या हातात आहे आणि वाचायचं कसं हे त्याला एकदा सांगून पुरलं. अकरा, एक, तीन आणि पाचला आकडा वहीत लिहायचा, दोनच्या खाली गेला तर कुणाचीही झोप मोडायची, असं कमिटीने लेखी दिलं आहे.

अकराच्या नोंदीत 2.8 आहे. यंत्रं चालू आहेत.